औषध गाठीपर्यंत पोहोचले का, हे आधी पाहायला हवे

सरकारी रुग्णालयातील कर्करोग विभागात हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : ‘डॉक्टर, ते नॅनोवालं इंजेक्शन आईला देता येईल का?’ विचारणाऱ्या मुलाने मोबाइलवर कुठे तरी वाचलेले असते की, हे औषध थेट गाठीत जाऊन फुटते आणि बाकीच्या शरीराला धक्काही लावत नाही. त्यासाठी आईचे दागिने मोडायची किंवा शेताचा तुकडा गहाण टाकायची त्याची तयारी असते. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे. पण त्याच्या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आता वैद्यकशास्त्राने स्वतःलाच विचारायला हवा : हे औषध गाठीत जाते, हे आपण पाहिले आहे की नुसते धरून चालतो?

नॅनोकण म्हणजे साधारण एक ते काहीशे नॅनोमीटर आकाराचे कण. माणसाचा केस जवळपास 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. केमोथेरपीचे औषध चरबीच्या इवल्याशा पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून देण्याची कल्पना प्रत्यक्षात आली ती 1995 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ‘डॉक्सिल’ला, म्हणजेच लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनला मान्यता दिली. 2005 मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडलेले पॅक्लिटॅक्सेल आले. भारतही यात मागे नव्हता. 2012 मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा सन फार्मा या भारतीय कंपनीचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्याची परवानगी तिथल्या नियंत्रकांनी दिली होती.

या औषधांमागचे गृहीतक मुख्यतः जपानमधून आले. गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि गळक्या राहतात. तिथून नॅनोकण बाहेर झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने गाठीतच साठून राहतात, असे यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी 1986 मध्ये दाखवून दिले. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्याने तिथे हे कण फारसे बाहेर पडत नाहीत. कल्पना सुंदर होती, उंदरांमध्ये ती चांगली चाललीही. पण टोरंटोतील वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतील प्रयोगांचा हिशेब 2016 मध्ये मांडला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे 0.7 टक्के निघाले. बहुतांश कण यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळून टाकतात.

म्हणून ही औषधे निरुपयोगी ठरतात का? मुळीच नाही. लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाला होणारी इजा साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा लक्षणीय कमी असते, आणि ज्या रुग्णाचे हृदय आधीच दुबळे आहे त्याच्यासाठी हा फायदा मोठा आहे. मात्र विषबाधा कमी होणे वेगळे आणि गाठीवर अधिक जोराचा मारा होणे वेगळे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात या दोन्ही औषधांची परिणामकारकता साधारण सारखीच आढळली आहे. जाहिरातीत आणि समाजमाध्यमांवर पहिली गोष्ट दुसरीच्या नावाने खपवली जाते, तिथे रुग्णाची फसगत होते.

इथेच वैद्यकीय प्रतिमातंत्राचा, म्हणजे स्कॅनचा संबंध येतो. नॅनोकणावर किरणोत्सारी खूण चिकटवली, तर तो शरीरात कुठे गेला हे कॅमेऱ्याला दिसते. ब्रिटनमधील डॉक्टरांनी 2001 मध्ये 17 रुग्णांना इंडियम-111ची खूण लावलेले लायपोसोम दिले. डोके-मानेच्या कर्करोगात ते भरपूर साठले, फुप्फुसाच्या कर्करोगात त्याहून कमी आणि स्तनाच्या कर्करोगात सर्वांत कमी. पुढे 2017 मध्ये अमेरिकेतून आलेला अभ्यास आणखी बोलका होता. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या 19 स्त्रियांना ‘एमएम-302’ हे लायपोसोममधील औषध तांबे-64ची खूण लावून दिले गेले आणि पेट स्कॅन काढले. निरनिराळ्या गाठींत पोहोचलेल्या औषधाच्या प्रमाणात तब्बल 35 पटींचा फरक होता. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण इथे प्रत्येक शीत वेगळे शिजते. ज्यांच्या गाठींत औषध जास्त साठले, त्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिल्याचेही त्या छोट्या अभ्यासात दिसले.

दुर्दैवाची गोष्ट पुढेच आहे. याच औषधाची मोठी चाचणी 2016च्या अखेरीस गुंडाळावी लागली, कारण प्रचलित उपचारांपेक्षा ते सरस ठरण्याची चिन्हे नव्हती. त्या चाचणीत रुग्णांची निवड कर्करोगाच्या प्रकारावरून झाली होती. औषध कोणाच्या गाठीत पोहोचते हे स्कॅनवर पाहून नव्हे. ज्यांच्या गाठीत औषध शिरते आणि ज्यांच्या गाठीत शिरतच नाही, अशा सगळ्यांची सरासरी काढली तर चांगले औषधही सामान्य दिसू शकते. निवड केली असती तर ते नक्की जिंकले असते, असा दावा कोणी करू नये. पण पाहण्याचे साधन हाताशी असताना डोळे मिटून चाचणी झाली, हा धडा विसरण्यासारखा नाही.

खरे तर ‘आधी पाहा, मग मारा’ हे तत्त्व नवे नाही. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीनचा वापर याच रीतीने अनेक दशके चालू आहे : स्कॅनमध्ये जिथे आयोडीन शोषले गेलेले दिसते, तिथेच उपचाराचा डोस काम करतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ल्युटेशियम-177 उपचारातही आधी पेट स्कॅनवर लक्ष्य दिसावे लागते. ते दिसले नाही तर औषध देत नाहीत. ही औषधे नॅनोकण नव्हेत, पण त्यांची शिस्त नॅनोऔषधांनी उचलावी अशी आहे. काही नॅनोकण तर स्वतःच स्कॅनमध्ये दिसतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या 15 रुग्णांना गॅडोलिनियमचे नॅनोकण देऊन मग किरणोपचार करण्यात आले. हे कण एमआरआयमध्ये गाठ उजळवतात आणि किरणांचा तिथला परिणाम वाढवावा अशी अपेक्षा असते. सुरक्षिततेच्या पहिल्या टप्प्यात ते उतरले. रुग्णाचा खरा लाभ मोठ्या चाचण्यांतूनच कळेल.

यावरचे आक्षेप रास्त आहेत. प्रतिमांवर आधारलेले अभ्यास लहान आहेत. खूण लावलेला कण आणि औषधाचा कण नेहमी सारखेच वागतील असे नाही. स्कॅनचा खर्च आणि किरणोत्साराचा डोस वाढतो. शिवाय ग्रामीण भागातील रुग्णाला साध्या पेट स्कॅनसाठीही मुंबई, पुणे, नागपूर गाठावे लागते, तिथे हे चोचले कशाला, असेही कोणी विचारेल. 2022च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला 14 लाखांहून अधिक नवे कर्करोगी आढळतात. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत ओळखला गेला, तर कोणत्याही नॅनोकणाहून अधिक जीव वाचतील. या क्रमाबद्दल वाद असण्याचे कारण नाही.

तरीही गरिबाच्या दृष्टीने हिशेब मांडला तर उत्तर उलटे येते. महागड्या औषधाची सहा आवर्तने देऊन, केस आणि वजन गमावून, मजुरी बुडवून शेवटी ‘फरक नाही’ असे ऐकणे, याच्याइतका महाग उपचार दुसरा नाही. औषध गाठीत पोहोचत नाही हे एका स्कॅनने पहिल्या आवर्तनालाच सांगितले, तर पैसा वाचतो आणि त्याहून मोलाचा वेळ वाचतो. श्रीमंत रुग्ण एक औषध फसले तर दुसरे घेऊ शकतो. गरिबाला बहुधा एकच संधी असते. ती तरी आंधळेपणाने खर्ची पडू नये.

भारताकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. तुर्भे येथील अणुभट्टीत ल्युटेशियम-177 तयार होते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963पासून आण्विक वैद्यकात काम करत आहे. लायपोसोम औषधे बनवणारे कारखाने देशातच आहेत. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पुढचे पाऊल असे असावे की, गाठीत साठण्याच्या गुणावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या नॅनोऔषधाच्या चाचणीत काही रुग्णांमध्ये तरी तो गुण स्कॅनवर दाखवणे बंधनकारक करावे. स्कॅन पाहून निवडलेले रुग्ण आणि न पाहता निवडलेले रुग्ण यांची सरळ तुलना सार्वजनिक पैशातून आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत व्हावी, कारण औषध कंपनीला आपली गिऱ्हाईके कमी करणाऱ्या चाचणीत फारसे स्वारस्य असणार नाही.

तोवर त्या मुलाला काय सांगायचे? खरे तेच. हे इंजेक्शन जादू नाही. आईच्या हृदयाला किंवा शरीराला जुने औषध झेपणार नसेल, तर त्याचा उपयोग आहे. तसे नसेल तर जुने, स्वस्त औषधही तितकेच काम करू शकते. आणि त्यानेही कुठल्याही महागड्या उपचाराआधी तीन प्रश्न विचारावेत : जुन्या औषधापेक्षा याने आयुष्य वाढते की फक्त त्रास कमी होतो? काम होते आहे की नाही हे कधी आणि कशावरून कळेल? आणि होत नसेल तर पुढे काय? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत आईचे दागिने कपाटातच राहू द्यावेत.