विश्लेषण : जादूटोण्यावर हसणारी कादंबरी मराठीत का हवी?

ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, कुठेही चेटकिणीचे बालनाट्य लागले की घरातली मोठी माणसेही मुलांसोबत पोटभर हसतात. प्रयोग संपवून लोकलमध्ये चढावे, तर डब्यात ‘वशीकरण’, ‘करणी’, ‘चोवीस तासांत समाधान’ अशा जाहिरातींचे स्टिकर दिसतात. रंगमंचावरच्या जादूला हसणारा समाज डब्यातल्या जादूपुढे गंभीर का होतो? त्याचे एक उत्तर आपल्या वाचनात आहे.

मराठीत जादू आहे, मग उणीव कसली?

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८मध्ये हे नाटक नव्या संचात आले, तेव्हा वैभव मांगले यांची चिंची पाहायला पुन्हा गर्दी झाली. मात्र याच मतकरींनी मोठ्यांसाठी लिहिल्या त्या गूढकथा. नारायण धारपांनीही मोठ्या वाचकाला दिली ती भीतीच. म्हणजे हसवणारी जादू मुलांच्या वाट्याला आली आणि मोठ्यांच्या वाट्याला आली ती अंगावर काटा आणणारी. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) पडद्यावर ही वाटणी मोडली. तात्या विंचूला घाबरता घाबरता महाराष्ट्र हसला. मोठ्यांच्या कादंबरीत मात्र अशी परंपरा रुजली नाही.

अशी कादंबरी असते तरी कशी?

उत्तम नमुना म्हणजे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांची १९८८ची ‘सोर्सरी’. त्यांच्या ४१ कादंबऱ्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतील ही पाचवी. तिच्यात जादूगारांचे एक विद्यापीठ आहे. तिथले ज्येष्ठ जादूगार भरपेट जेवतात, मानपानावरून कुरकुरतात आणि जादू शक्यतो टाळतात. थोडक्यात, निरुपयोगी पण निरुपद्रवी मंडळी. जादूगारांना संसार करायला बंदी असते. तरीही एक जादूगार लग्न करतो आणि त्याचा आठवा मुलगा जादूचा साक्षात उगमच बनून जन्माला येतो. बाप मेल्यावरही मुलाच्या हातातल्या काठीत ठाण मांडून बसतो आणि त्याला नाचवतो. हा मुलगा विद्यापीठात येताच सर्वांना अमर्याद शक्ती मिळते. कालपर्यंत जेवणाच्या पंगतीत रमलेले हेच लोक मनोरे उभारून एकमेकांवर तुटून पडतात आणि जग विनाशाच्या कडेवर येते.

मग विनोद कशात आहे?

मुलासमोर उभा राहतो तो सर्वांत नालायक जादूगार, रिन्सविंड. स्वतःच्या टोपीवर ‘जादूगार’ हा शब्दही त्याला धड लिहिता आलेला नाही. त्याचे शस्त्र काय, तर पायमोज्यात घातलेली अर्धी वीट. ग्रंथालयावर संकट येते तेव्हा पुस्तके वाचवतो तो ग्रंथपाल, आणि तो आहे ओरांगउटान. अडाणी समजली जाणारी माणसे (आणि माकडे) शहाणी ठरतात. मोठ्या पदव्यांचे धनी सत्ता मिळताच वाहवत जातात. हसता हसता वाचकाला कळते की घातक असते ती एकट्या मंत्राची ताकद नव्हे, तर तिला कोणी प्रश्न न विचारणे.

हे आपल्या मातीतले नाही?

असे म्हणणे चुकीचे ठरेल. पंचतंत्रातली चार मित्रांची गोष्ट आठवावी. विद्येच्या बळावर तिघे मेलेल्या सिंहात प्राण फुंकतात. विद्या नसलेला पण अक्कल असलेला चौथा आधी झाडावर चढतो. सिंह तिघांना खातो. रिन्सविंड हा त्या चौथ्याचाच दूरचा भाऊबंद. ती गोष्ट आपण शाळेत ऐकतो आणि मोठे झाल्यावर विसरतो, इतकेच.

कायदा असताना विनोदाची गरज काय?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा आवश्यकच आहे. पण फसवणूक झाल्यावर माणूस पोलिसांकडे जाईल, तरच तो कामाला येतो. बुवापुढे बसलेल्या माणसाच्या मनात ‘हे जरा हास्यास्पद आहे’ अशी शंका आधीच चमकली, तर फसवणूकच टळू शकते. भीतीच्या कथा त्या बाबतीत फारशा उपयोगी नाहीत. त्या वाचून मंत्राचा दरारा उलट वाढतो. विनोदी कथेत मंत्र म्हणणाऱ्याचे पोट सुटलेले दिसते, टोपी वाकडी दिसते, हाव दिसते. केवळ हसल्याने अंधश्रद्धा संपणार नाही, हे खरेच. पण दरारा एकदा उतरला की प्रश्न विचारणे सोपे जाते.

सुरुवात कुठून व्हावी?

ठाणे-कल्याण पट्ट्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. ठाण्यात २०१०मध्ये आणि डोंबिवलीत २०१७मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. वाचक इथे आहे आणि रोजच्या प्रवासात त्याच्या हातात मोबाइलही आहे. दिवाळी अंकांनी गूढकथेशेजारी एखादी विनोदी जादूकथा मागवावी, प्रकाशकांनी अशा कादंबऱ्यांचे चांगले अनुवाद करून घ्यावेत आणि वाचनालयांनी ही पुस्तके बालविभागात न ढकलता मोठ्यांच्या कपाटात ठेवावीत. त्या स्टिकरवरील ‘चोवीस तासांत समाधान’ वाचून डब्यातल्या चार प्रवाशांना जरी हसू फुटले, तरी या खटाटोपाचे चीज होईल.