गाडी लागली तरी पट्टा सुटणार नाही!

मराठीत गाडी दोन ठिकाणी लागते. एक प्लॅटफॉर्मवर आणि दुसरी पोटात. आजीच्या पिढीला भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाताना बोट लागायची. आपल्याला शाळेच्या सहलीत एस.टी. लागायची. आणि आता आपल्या पिल्लांना एसीवाली, पॉवर स्टिअरिंगवाली, हप्ते अजून फिटायचे असलेली नवीकोरी गाडी लागते. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच!

आमची कन्या अडीच वर्षांची आहे आणि पुणे-पाचगणी हा आमचा हक्काचा वीकेंड रूट. वाईपर्यंत बाईसाहेब गाणी म्हणत असतात. पसरणी घाट सुरू झाला की गाणं थांबतं. मग एक जांभई, दुसरी जांभई, चेहरा पांढरा आणि कपाळावर गार घाम. या वयाच्या मुलांना 'मळमळतंय' हा शब्द येत नसतो, त्यामुळे ही लक्षणं हाच त्यांचा एसएमएस. तो वाचेपर्यंत साधारण तिसरं वळण येतं आणि सकाळची इडली परत येते.

आणि बरोबर त्याच क्षणी गाडीत एकमतानं ठराव पास होतो, "अरे, काढ तिला आधी त्या खुर्चीतून! दे इकडे मांडीवर!" ठराव मांडणारी माझी आई, अनुमोदन मावशीचं. आजचा कॉलम या एका वाक्याबद्दल आहे. कारण सगळा धोका त्या वाक्यात आहे, उलटीत नाही.

आधी जरा गणित करू. बारा किलोचं मूल, गाडी ताशी 50 किलोमीटरच्या वेगात. समोर काही आलं आणि गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या क्षणी मुलाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट जोर लागतो. म्हणजे सुमारे 240 किलो. सिमेंटच्या जवळजवळ पाच गोण्या! आजीची मांडी कितीही मायेची असली तरी पाच गोण्या अडवणं तिच्या हातांना जमणारं नाही. आणि घाटात तर मूल रडतंय, मागे आरडाओरडा चाललाय आणि ड्रायव्हर मान वळवून बघतोय. अपघाताची शक्यता सगळ्यात जास्त असते तेव्हाच आपण पट्टा सोडत असतो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या 194-बी कलमानुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे. पण दंडासाठी कोण पट्टा लावतं हो? पाच गोण्यांसाठी लावायचा.

मग उलटीचं काय करायचं? तर ती होते कशी ते आधी बघू. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र मेंदूला कळवतं, 'आपण हलतोय, वळतोय'. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगतात, 'छे, सगळं स्थिर आहे'. या भांडणात मेंदूचा गोंधळ होतो आणि त्याची शिक्षा पोटाला. दोन वर्षांच्या आत हा त्रास क्वचितच दिसतो, दोन ते बारा या वयात जास्त. ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसलेलं असतं. थोडक्यात, इलाज एकच, कानाला जे कळतंय ते डोळ्यांनाही दिसू द्यायचं.

म्हणून पहिला नियम, गाडीत कार्टून बंद. मोबाइल हातात दिला की मूल शांत बसतं हे खरं, पण नजर त्या चार इंची चौकोनात अडकते आणि घाटात त्याचं बिल येतं. त्यापेक्षा काचेवरची जाळी काढा, लांबचा डोंगर दाखवा, बैल मोजा, ट्रकच्या मागचं वाचून दाखवा.

आता खरा पेच. कन्येची सीट मागे तोंड करून बसवलेली आहे. अशा मुलांना बाहेरचं कमी दिसतं, त्यामुळे काहींना त्रास जास्त होतो. मग 'फिरवून टाक ना पुढे!' हा सल्ला हमखास मिळतो. आम्ही फिरवलेली नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, मान नाजूक. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या सीटची पाठ डोकं, मान, पाठ सगळ्यांना एकदम सांभाळते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2018 साली वयाची अट काढून टाकली आणि सांगितलं, सीट बनवणाऱ्यानं दिलेली वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा. ती मर्यादा ओलांडली की पुढे तोंड करा, खुशाल. पण कारण वजन-उंची असावं, उलटी नव्हे.

'मागे तोंड करून बसलेलं असताना ओकली तर गुदमरेल ना?' ही आईची भीती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. एरवी धडधाकट असलेलं मूल उलटी झाली की खोकून, मान वळवून घसा मोकळा करतं. तरी घाटात एक मोठं माणूस मागे तिच्या शेजारी बसलेलंच हवं. त्यानं पट्ट्याला हात न लावता तिचं डोकं हलकेच एका बाजूला करायचं, टॉवेल धरायचा आणि ड्रायव्हरला शांत आवाजात सांगायचं, "जागा मिळाली की थांब." किंचाळायचं नाही! मग अंध वळणावर नाही, एक्स्प्रेसवेच्या कडेला तर मुळीच नाही, सुरक्षित रुंद जागा बघून थांबायचं आणि मुलाला डावीकडच्या दारानं उतरवायचं. पट्टा सुटतो तो हँडब्रेक ओढल्यावर. आमच्या गाडीत हा नियम आजीलाही लागू आहे आणि आता तीच मावशीला दम देते.

खाण्याचं म्हणाल, तर उपाशीपोटी नेऊ नका आणि तुडुंब भरूनही नको. निघायच्या थोडं आधी अर्धी पोळी किंवा एखादी इडली, बस्स. ग्लासभर दूध आणि तेलकट वडा परतीच्या बोलीवरच पोटात जातात! आलेपाक, लिमलेटची गोळी, आवळासुपारी हे आपल्यासाठी ठीक. चालत्या गाडीत अडीच वर्षांच्या मुलाच्या तोंडात कडक गोळी, शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष द्यायचं नाही, घशात अडकू शकतं. आम्ही वाईत अर्धा तास थांबतो, पाय मोकळे करतो, घोटभर पाणी पाजतो आणि मग घाट चढतो. तिच्या झोपेच्या वेळेला घाट आला तर सोन्याहून पिवळं. डॅशबोर्डवरचा उग्र परफ्यूम काढून टाका, एसी गार ठेवा. आणि ड्रायव्हरसाहेब, वळणावर हिरोगिरी नको. करकचून ब्रेक मारणाऱ्याला ती सीट धुवायला लावावी, आपोआप सुधारतो.

औषधाच्या बाबतीत शेजारणीचा सल्ला नको. गाडी लागू नये म्हणून घराघरांत असते ती प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या एफडीएनं 2004 साली तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. त्याहून मोठ्या मुलांनाही डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढीच. जुलाब-उलट्यांच्या वेळचं उरलेलं ऑन्डान्सेट्रॉनचं सिरपही चालवून घेऊ नका, गाडी लागण्यावर ते फारसं लागू पडत नाही. आणि गाडीत नसतानाही उलट्या होत असतील, डोकं दुखत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर तो गाडीचा दोष नाही. सरळ डॉक्टर गाठा.

घाटाआधीची चेकलिस्ट

• दोन जुने टॉवेल, दोन जोड कपडे. तुमच्यासाठीही एक टी-शर्ट, विश्वास ठेवा!

• प्लास्टिकची पिशवी मोठ्यांच्या हातात. मुलाच्या हातात किंवा शेजारी कधीच नाही.

• पट्टा खांद्यापाशी चिमटीत पकडून बघा. चिमटीत आला तर सैल आहे.

• पट्ट्याखाली गोधडी, जाड स्वेटर किंवा उशी नको. धडकेत ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. थंडी वाजली तर पट्टा लावून वरून पांघरूण घाला.

• मागे तोंड केलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावू नका.

• सीटचे पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, भिजत घालू नका. मॅन्युअल बघून ओल्या फडक्यानं पुसा. कव्हर बहुतेक वेळा धुता येतं.

एवढं करूनही कधीतरी होणारच. पोट आहे, प्रेझेंटेशन नाही, रिहर्सल करून जमत नाही. तेव्हा सीट घासायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि सोमवारी ऑफिसात कुणी 'गाडीत कसला वास येतोय रे?' विचारलं, तर 'महाबळेश्वरची हवा' म्हणून मोकळं व्हायचं. कव्हर धुऊन दोन दिवसांत वाळतं. पट्टा सुटलेला असताना जे होऊ शकतं, ते मात्र कुठल्याच साबणानं निघत नाही.