जम्बो केंद्रांचे मंडप उतरले, हिशेबाचे काय?

*महामारीची आणीबाणी अधिकृतपणे संपली आहे. मुंबई महापालिकेने उपनगरांत उभारलेली तातडीची व्यवस्था आवरली गेली. पण तातडीने घेतलेले अधिकार, तातडीने केलेला खर्च आणि तातडीने मिळालेल्या खाटा यांचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायला हवे.*

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुंबईकरांना या बातमीचे फारसे अप्रूप वाटले नाही. दहिसर, मुलुंड, गोरेगावचे नेस्को, वांद्रे-कुर्ला संकुल येथील जम्बो केंद्रे त्याआधीच टप्प्याटप्प्याने बंद झाली होती. लोकल पूर्वीसारखी भरून धावत होती. मास्क नसल्याबद्दल २०० रुपयांची पावती फाडणारे मार्शल रस्त्यावरून दिसेनासे होऊनही वर्ष उलटले होते.

तरीही साथ ओसरणे आणि आणीबाणी आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथ विषाणूच्या चालीने ओसरते. आणीबाणी मात्र कागदोपत्री, कायद्याने आणि हिशेब देऊन आवरावी लागते. मुंबईत पहिली गोष्ट झाली, दुसरी अर्धवट राहिली.

कोणता कायदा, कधी थांबला?

मुंबईत ११ मार्च २०२० रोजी पहिले रुग्ण आढळले. दोनच दिवसांनी राज्य सरकारने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. त्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. इमारती सील करणे, दुकानांच्या वेळा ठरवणे, खासगी रुग्णालयांतील खाटा ताब्यात घेणे, लोकलमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणे, या साऱ्याला आधार या दोन कायद्यांचा होता. जून २०२० मध्ये ‘पुनश्च हरिओम’ म्हणत निर्बंध सैल होऊ लागले, तेही याच कायद्यांखालील आदेशांनी.

तिसऱ्या लाटेत ७ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. पण ती लाट लवकर उतरली. मार्चमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेश पुढे न वाढवण्याचे कळवले. ३१ मार्च २०२२ रोजी राज्य सरकारने सर्व निर्बंध मागे घेतले आणि गुढीपाडवा दोन वर्षांनी मोकळेपणाने साजरा झाला. मास्क ऐच्छिक झाला.

१८९७ चा कायदा मुळात मुंबईसाठीच जन्माला आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्याच फेब्रुवारीत हा अवघ्या चार कलमांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने झालेल्या घरझडत्यांनी पुण्यात काय आग पेटली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. प्लेग गेला, कायदा राहिला. अधिकार कसे घ्यायचे हे त्यात आहे. ते केव्हा परत करायचे आणि कोणाला हिशेब द्यायचा, याबद्दल तो गप्प आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण देण्यासाठी. त्याची गरज होतीच. पण ही उणीव भरून निघाली नाही.

तिचा परिणाम लोकलच्या प्रकरणात दिसला. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. बोरिवली किंवा घाटकोपरहून रोज कामाला जाणाऱ्या माणसासाठी लोकल म्हणजे पोटापाण्याची वाट. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार काढले गेले नव्हते, असे निरीक्षण नोंदवले. लसीचा आग्रह चुकीचा होता असा त्याचा अर्थ नाही. योग्य हेतूने काढलेला आदेशही योग्य रीतीने निघावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

अधिकार परत गेले, पण कोणाकडे?

मार्च २०२० मध्ये स्थायी समितीने आयुक्तांना तातडीच्या खरेदीचे विशेष अधिकार दिले. सभा भरवणे कठीण, औषधे आणि खाटा मात्र आजच हव्यात, अशी ती वेळ होती. निविदेच्या नेहमीच्या वाटेने गेले असते तर नेस्कोचे केंद्र कागदावरच राहिले असते. तेव्हाच्या वेगाला दोष देण्यात अर्थ नाही.

संकट सरले की असे अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे परत जावेत, ही साधी अपेक्षा. येथे मुंबईत एक विचित्र योग जुळून आला. निर्बंध उठले ३१ मार्च २०२२ ला. महापालिकेची मुदत संपली ७ मार्चला, म्हणजे त्याच्या २४ दिवस आधी. ८ मार्चपासून आयुक्त हेच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि त्याला मंजुरी देणारे प्रशासक एकच झाले. प्रभाग २२७ की २३६, आणि ओबीसी आरक्षणाचे काय, या वादांत निवडणूक न्यायालयात अडकली. मे २०२३ पर्यंत चौदा महिने उलटले, तरी सभागृह रिकामेच होते.

म्हणजे आणीबाणीचे अधिकार परत करायची वेळ आली तेव्हा ते घ्यायला कोणी नव्हते. जम्बो केंद्रांवरील खर्चाला कार्योत्तर मंजुरी देताना प्रश्न विचारणारे नगरसेवक घरी बसले होते. अंधेरीतल्या मतदाराला तेव्हा खड्ड्याबद्दल विचारायला नगरसेवक नव्हता, तसाच कोविड काळातील खरेदीबद्दल विचारायलाही नव्हता.

३,५३८ कोटींचा प्रश्न

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांना, म्हणजे ‘कॅग’ला, महापालिकेच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण करायला सांगितले. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२,०२४ कोटी रुपयांची कामे त्यात होती. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत मांडला गेला. त्यात कोविडवरील ३,५३८.७३ कोटी रुपयांच्या खर्चाची तपासणी नव्हती. साथरोग अधिनियमाचा आधार घेऊन महापालिकेने त्याची कागदपत्रे दाखवण्यास नकार दिला होता.

येथे राजकारण बाजूला ठेवून पाहू. लेखापरीक्षणाची मागणी करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता की नव्हता, याची चर्चा होत राहील. जुने सत्ताधारी आणि नवे सत्ताधारी यांच्या भांडणात हा विषय ओढला गेला आहे, हेही उघड आहे. पण मुंबईकराचा प्रश्न त्याहून साधा आहे. निर्बंध उठून वर्ष झाल्यावरही तोच कायदा पावत्या झाकायला कसा वापरता येतो? सद्भावनेने केलेल्या कृतीला कायद्याने संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. मध्यरात्री प्राणवायूची सोय करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मानेवर पुढे चौकशीची तलवार लटकत राहिली, तर पुढच्या साथीत कोणी निर्णयच घेणार नाही. पण संरक्षण कृतीला असते, कागद दडवण्याला नसते. उलट कागद खुले असतील तर प्रामाणिक अधिकारी त्यांतूनच सुटतो आणि लबाड सापडतो. बंद कपाट दोघांना एकाच रांगेत उभे करते.

उपनगरांनी काय कमावले, काय गमावले?

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ९३ लाख ५७ हजार लोक उपनगर जिल्ह्यात राहतात. चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरांतले. महापालिकेची केईएम, शीव आणि नायर ही तिन्ही मोठी रुग्णालये मात्र शहर भागात आहेत. पश्चिम उपनगरांत वैद्यकीय महाविद्यालय असलेले पालिकेचे रुग्णालय म्हणजे कूपर. पूर्वेला राजावाडीवर घाटकोपरपासून गोवंडी-मानखुर्दपर्यंतचा भार. बोरिवलीच्या भगवती आणि मुलुंडच्या एम. टी. अगरवाल रुग्णालयांचा पुनर्विकास वर्षानुवर्षे चालला होता.

महामारीने ही विषमता काही काळ पुसली. जुलै २०२० मध्ये दहिसर आणि मुलुंड, शहराच्या दोन टोकांच्या वेशींवर, प्राणवायूची सोय असलेली मोठी केंद्रे उभी राहिली. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय पालिकेच्या जमिनीवर असूनही आर्थिक वादात अडकून जवळजवळ बंद पडले होते. ते कोविडसाठी पुन्हा सुरू झाले आणि हजारो अंधेरीकरांचा आधार बनले. मुलुंडच्या रुग्णाला परळ गाठावे लागले नाही, असे दिवस उपनगरांनी प्रथमच पाहिले.

जम्बो केंद्रे कायम ठेवा असे कोणी म्हणणार नाही. ते मंडप होते, भाड्याच्या वा उसन्या जागेवरचे. वांद्रे-कुर्ला संकुलातील जागा तर बुलेट ट्रेनच्या स्थानकासाठी हवी होती. ती बंद होणे रास्तच. पण मंडप उतरला म्हणजे त्यातले सामानही नाहीसे व्हावे असे नाही. खाटा, मॉनिटर, व्हेंटिलेटर, प्राणवायूच्या टाक्या यांतले काय कोणत्या रुग्णालयाला गेले, याची विभागवार यादी नागरिकांना पाहता यायला हवी. एप्रिल २०२१ मध्ये एका रात्रीत प्राणवायूअभावी सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण हलवावे लागले होते. त्यानंतर १२ रुग्णालयांत १६ प्राणवायू प्रकल्प उभारण्याचे पालिकेने जाहीर केले. हे प्रकल्प आज चालू स्थितीत आहेत का, त्यांच्या देखभालीचे कंत्राट आहे का, हे विचारण्याची वेळ शांततेतच असते.

वॉर रूम: मोडू नये ती गोष्ट

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाची गोष्ट मंडपात नव्हती. ती विभाग कार्यालयात होती. सुरुवातीला खाटेसाठी सगळे मुंबई १९१६ या एकाच क्रमांकावर तुटून पडत होते. जून २०२० मध्ये २४ विभागांत २४ वॉर रूम झाल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे येत, मग विभागवार वाटले जात, आणि डॉक्टर रुग्णाला स्वतः फोन करून खाट लागेल की घरीच राहता येईल हे ठरवत. के पूर्वमधला अंधेरीचा रुग्ण असो, आर मध्यमधला बोरिवलीचा, टीमधला मुलुंडचा की एनमधला घाटकोपरचा, त्याला उत्तर देणारा माणूस त्याच्या गल्लीबोळांची माहिती असलेला होता. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईकडून शिका असे सुचवले, त्यामागे ही यंत्रणा होती.

तिची गरज कोविडबरोबर संपलेली नाही. महामारीच्या काळात बालकांचे नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराने मुले दगावली. घरोघर फिरून लस चुकलेली मुले शोधावी लागली. वस्तीची यादी आणि ओळखीचा आवाज ज्या यंत्रणेकडे असतो, तीच हे काम लवकर करू शकते. डेंग्यू, लेप्टो आणि मलेरिया दरवर्षी येतात, निमंत्रण लागत नाही. प्रत्येक विभागात दोन डॉक्टर, चार फोन आणि रोजच्या अहवालांची यादी एवढा सांगाडा बारमाही ठेवायला जम्बो केंद्राचा खर्च लागत नाही.

काही गोष्टी टिकल्या, हेही सांगायला हवे. कस्तुरबा रुग्णालयात २०२१ मध्ये सुरू झालेली जनुकीय चाचणीची प्रयोगशाळा आहे. रात्री दहापर्यंत उघडे असणारे ‘आपला दवाखाना’ वस्त्यांत पोहोचले. एप्रिल २०२३ मध्ये रुग्ण वाढताच पालिकेने आपल्या रुग्णालयांत मास्क पुन्हा बंधनकारक केला, तोही गाजावाजा न करता. साथीशी असेच वागायचे असते.

आता काय व्हावे?

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पाऊस कुठे तुंबला, पाणी का उपसले गेले नाही, कोणती यंत्रणा नव्हती, हे तिने लिहून ठेवले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कोविडने या शहरातील १९ हजारांहून अधिक माणसे नेली. त्या दोन वर्षांचा तसाच लेखी, प्रकाशित अहवाल मुंबईला हवा. काय चांगले चालले, काय महाग पडले, कुठे उशीर झाला, हे त्यात यावे.

त्याबरोबर तीन गोष्टी व्हाव्यात. कोविड खर्चाची कागदपत्रे लेखापरीक्षकांसमोर ठेवावीत. विभागवार वॉर रूमना कायमचे पद आणि तरतूद मिळावी. भगवती आणि अगरवाल रुग्णालयांच्या कामाची तारीख फलकावर लिहावी आणि पाळावी. यातले काहीही विचारण्याचा हक्क शेवटी सभागृहाचा आहे.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली की पालिका पुन्हा लोकांना सांगेल: घरात राहा, चाचणी करा, आमच्यावर विश्वास ठेवा. २०२० मध्ये लोकांनी तो ठेवला. पुढच्या वेळी तो मागण्याआधी मागच्या वेळचा हिशेब दिलेला असला पाहिजे.