हातानें केलेली आगगाडी

पूर्णेच्या मुलांस आगगाडीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. मनमाड-सिकंदराबाद मार्गास अकोल्याकडील मार्ग येथें येऊन मिळतो, आणि इंजिनाची शिटी ऐकतच येथील मुलें लहानाचीं मोठीं होतात. तरीहि गाडीचा भार कशावर असतो, असें विचारल्यास बहुतेक रुळांचें नांव घेतील. खडीचें नांव घेणारा विरळा.

सुट्टींत कोणी पुठ्ठ्याचे डबे व वीतभर रूळ करूं लागला, कीं घरांतील वडील मंडळी त्यास रिकामा उद्योग म्हणतात. अभ्यास बुडवून हें करावें असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु हा उद्योग रिकामा आहे, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम डब्याचाच विचार करूं. छोट्या गाड्या पुष्कळ ठिकाणीं मूळ गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्श्यानें करतात. पेरांबूरच्या कारखान्यांतील जुन्या नमुन्याचा डबा सुमारें २१.३४ मीटर लांब व ३.२५ मीटर रुंद असतो. म्हणजे पुठ्ठा २४५ मिलिमीटर लांब व ३७ मिलिमीटर रुंद कापला पाहिजे. येथें भागाकार चुकला, तर डबा फलाटास घासतो. या उदाहरणाचें उत्तर पुस्तकाच्या पाठीमागें पाहतां येत नाहीं.

आतां खडी. आपल्या भागांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनीवर स्लीपर नुसते ठेविले, तर मार्ग एक वर्षहि सरळ राहणार नाहीं. फोडलेल्या दगडाची खडी गाडीचा भार पसरविते, स्लीपर जागीं धरते व पाण्यास वाट देते. तिचा मोठा खडा सुमारें ६५ मिलिमीटरांचा. छोट्या मार्गावर तो पाऊण मिलिमीटर होतो. म्हणून बारीक चाळलेली वाळू घ्यावी, कुंचल्यानें स्लीपरांमध्यें सारखी करावी, साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यानें ती भिजवावी आणि मग पातळ केलेला सरस थेंबाथेंबानें सोडावा. साबण नसेल, तर पाणी आंत न मुरतां वाळूच्या गोळ्या होतात. नंतर रात्रभर हात लावूं नये. घाई करणाऱ्यास येथें शिक्षकानें रागवावें लागत नाहीं. रूळच त्यास रागावतो.

मात्र खऱ्या मार्गावरील एकहि खडा कोणी उचलूं नये, व मापें घेण्यास रुळांत उतरूं नये. तो खडा प्रवाशांच्या जीवाचा राखणदार आहे.

आणखी एक गोष्ट. अकोल्याचा मार्ग २००८ सालीं रुंद झाला. तत्पूर्वीं तेथें रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर होतें, आतां तें १६७६ आहे. आजच्या विद्यार्थ्यांनीं ती लहान गाडी पाहिलीच नाहीं. पुण्यास कोथरूड येथें जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. पूर्णेची जुनी गाडी मात्र पूर्णेच्या मुलामुलींनींच करावयास हवी. डब्याचा रंग कसा होता, बाकें कशीं होतीं, हें सांगणारे आजोबा व आजी आज घरोघर आहेत. उद्यां कोणास विचारावें?

म्हणून पालकांस आमची विनंती इतकीच, कीं घराचा एक कोपरा, थोडा पुठ्ठा आणि सुट्टीचा एक तास मुलांस द्यावा, व जुन्या गाडीच्या गोष्टी त्यांस सांगाव्या.