पोर्ट वाइनला औषधाच्या कपाटातून बाहेर काढा

उन्हाळा लागला की आपल्या गोंयकारांच्या हुर्राकाच्या आणि कोकम सरबताच्या आठवणी सुरू होतात. आज मी पोर्ट वाइनबद्दल लिहितोय. थोडं स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

आमच्या गोव्यातल्या कित्येक हिंदू घरांत पोर्ट ही दारू नव्हतीच, ती 'टॉनिक' होती. बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्या माणसाला चमच्याने द्यायची. शेजारच्या ख्रिस्ती घरात तीच नाताळला उघडपणे टेबलावर असायची. आमचे वडील मित्रांबरोबर बाहेर घेत, त्याची घरात चर्चा नसे. आईला मात्र 'मला ही चव आवडते' म्हणायची सोय नव्हती. 'अशक्तपणा वाटतोय' एवढंच म्हणता यायचं. गंमत बघा, बाळाला पाजणाऱ्या आईने दारू टाळावी, असं आजचे डॉक्टर सांगतात. म्हणजे जिथे द्यायला नको तिथे दिली, आणि मजेने घ्यायची तिथे झाकली!

खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. 1756 साली तिथली हद्द सरकारने आखून दिली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं कडक मद्य घालतात. आंबणं थांबतं, गोडी उरते आणि अल्कोहोल साधारण 20 टक्के होतं. आपल्याकडची स्वस्त गोड लाल 'पोर्ट' ही नावाचीच पोर्ट.

ती फक्त थंडीत, जेवणानंतर घ्यायची हाही एक गैरसमज. पोर्तो शहरात उन्हाळ्यात जेवणाआधी व्हाइट पोर्ट आणि टॉनिक वॉटर घेतात. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ, 60 मिली पोर्ट, दुप्पट टॉनिक, लिंबाची चकती, पुदिना. टॉनिकच्या कडवटपणाने गोडी आवरते, तोंडाला चव येते. रुबी पोर्ट तरुण आणि फळांच्या चवीची. तिच्यात सोडा आणि संत्र्याची फोड छान लागते. रोझे नुसत्या बर्फावर. टॉनी लाकडी पिंपात मुरून तपकिरी होते, तिला सुक्यामेव्याची चव येते. तिच्यात काही मिसळू नका, फ्रिजमध्ये गार करा आणि सोबत खारे काजू ठेवा. महागडी व्हिंटेज कॉकटेलात घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता बँकवाल्याचा हिशेब. 60 मिली पोर्टमध्ये अल्कोहोल 12 मिली. व्हिस्कीच्या 30 मिली पेगमध्ये, 42.8 टक्क्यांनी, 12.8 मिली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. वर लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर, म्हणजे ग्लासात 6 ग्रॅम. 'वाइनच तर आहे' म्हणून तीन ग्लास रिचवणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या मधुमेहाच्या वयातल्यांनी हे ध्यानात ठेवावं. टॉनिक वॉटरमधली साखर वेगळीच.

माझं म्हणणं एवढंच. न घेणाऱ्याने सुरू करायची काही गरज नाही. पण ज्या घरात घेतात तिथे ती नावानिशी, मोजून, सगळ्यांसमोर घ्यावी, आणि घरातल्या वहिनीला, सुनेलाही 'तुम्हाला आवडेल का?' असं सरळ विचारावं. हो किंवा नाही, उत्तर त्यांचं. त्यासाठी आजाराचं निमित्त लागू नये.

बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींनो, तुमच्या घरीही कपाटात अशी 'औषधाची' बाटली होती का? जरूर लिहा.