चावडीवरचा इतिहास

बँकेत रुजू झालो त्या दिवशी हेडकॅशियरने एक गोष्ट शिकवली. लेजरमध्ये आकडा चुकला तर खोडरबर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक बारीक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली सही करायची. चूक झाकायची नसते, दिसू द्यायची असते. नोकरीची सगळी वर्षे मी हा नियम पाळला. कादंबऱ्या लिहू लागल्यावर मात्र तो सुटला, कारण कादंबरीला व्हाउचर लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो नियम पुन्हा समोर आला. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथे कोणीही लिहू शकतो, हे कळल्यावर मीही हात धुऊन घ्यावेत असे ठरवले. सेवाग्रामच्या बापूकुटीतली तीन माकडांची छोटी मूर्ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती जपानी भिक्षूंनी गांधीजींना दिली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. तसे एक वाक्य लिहून टाकले. दोन दिवसांनी पाहतो तर वाक्याच्या शेपटाला ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी. चर्चेच्या पानावर कोणा अनोळखी तरुणाने लिहिले होते, ‘सर, ही मूर्ती चिनी पाहुण्यांनी दिली, असेही सांगितले जाते. आपला आधार कोणता?’

मी चिडलो. ‘माझा जन्म वर्धा जिल्ह्यातला आहे,’ असे ठणकावून लिहिले. उत्तर आले, ‘सर, जन्मगाव हा संदर्भ होत नाही.’

रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. सकाळी ग्रंथालय गाठले. दोन-चार पुस्तके चाळल्यावर दिसले, की दोन्ही कथा छापील स्वरूपात आहेत. शेवटी माझ्या वाक्याच्या जागी दोन्ही कथा नोंदवणारे वाक्य आले. माझे जुने वाक्य मात्र पुसले गेलेले नाही. पानाच्या ‘इतिहासा’त ते तारीख-वेळेसह अजून आहे. हेडकॅशियरची बारीक रेघच म्हणा ना! मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला चावडी म्हणतात आणि सराव करण्याच्या पानाला धूळपाटी, हे कळल्यावर तर रागही ओसरला.

पण प्रश्न तीन माकडांपुरता नाही. पूर्व आशियाचा इतिहास हा आजही जिवंत भांडणाचा विषय आहे. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्रात खडकांची दोन इवली बेटे आहेत. कोरियन त्यांना डोकडो म्हणतात, जपानी ताकेशिमा. इंग्रजी विकिपीडियावरच्या स्वयंसेवकांनी दीर्घ वादानंतर शीर्षकाला दोन्ही नावे नाकारली आणि ‘लियांकूर खडक’ हे तिसरेच नाव ठेवले. १८४९ साली तिथून गेलेल्या एका फ्रेंच देवमासेमारी जहाजाचे ते नाव! हास्यास्पद वाटेल, पण बिनपगारी माणसांनी रात्री जागवून काढलेला हा तोडगा सरकारांना अजून जमलेला नाही.

उलट उदाहरणही आहे. २०२२ साली चिनी विकिपीडियावर उघडकीस आले, की एका लेखिकेने दहाएक वर्षे मध्ययुगीन रशियाचा खोटा इतिहास रचला होता. दोनशेहून अधिक लेख, लढाया, चांदीची एक खाण, सगळे काल्पनिक. तळटीपा मात्र भरगच्च. हे पकडले ते एका चिनी कादंबरीकाराने. तो पुढच्या लेखनासाठी माहिती शोधत होता आणि खाणीचा मागमूस कुठे लागेना. कादंबरीकार म्हणून मला त्या बाईंची कल्पनाशक्ती हेवा वाटण्याजोगी वाटते. बँकवाला म्हणून अंगावर काटा येतो. ज्ञानकोशकार केतकरही कादंबरीकार होते. पण त्यांनी दोन वह्या वेगळ्या ठेवल्या.

‘म्हणजे कोणीही काहीही लिहितो, मग विश्वास कसा ठेवायचा?’ असे माझे मित्र विचारतात. माझे उत्तर असे, की अफरातफर बँकेतही होते. म्हणून आपण पैसे गाडग्यात पुरत नाही, तपासनीस वाढवतो. इथे तपासनीस आपणच व्हायचे आहे.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे काम टाळताच येणार नाही. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना वर्ध्यात भेटले. १९४२ च्या फेब्रुवारीत च्यांग कै-शेक भारतात आले. त्यांना वर्ध्याला यायचे होते, ब्रिटिशांना ते नको होते. भेट अखेर कलकत्त्यात झाली. जूनमध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून च्यांगना पत्र लिहिले. इंग्रजांनी जावे ही मागणी चीनच्या विरोधात नाही, हे त्यात समजावले. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने तो ठराव केला आणि त्याच महिन्यात गांधीजींनी जपानी जनतेला पत्र लिहून चीनवरच्या आक्रमणाबद्दल खडे बोल सुनावले. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून सोलापूरचे कोटणीस चीनला गेले, तसे नागपूरचे चोळकरही गेले. कोटणीस आपल्याला ठाऊक असतात ते बहुधा शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. पण चित्रपट म्हणजे व्हाउचर नव्हे.

आता खरी अडचण. आपल्याकडचा पुष्कळसा ऐवज म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि तोंडी गोष्टीला चावडीवर किंमत नाही. मला आधी हा अन्याय वाटला. आता वाटते, नियम सैल करण्यापेक्षा आठवणी कागदावर आणाव्यात. तारखा घालाव्यात, पत्रे आणि फोटो जोडावेत, स्मरणिकेत का होईना पण छापाव्यात. मग कोणीतरी त्याचा आधार घेईल. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात मुले चिनी आणि जपानी शिकतात. आमच्यासारख्या निवृत्तांकडे वेळ आहे, त्यांच्याकडे भाषा आहे. ग्रंथालयातल्या एका टेबलावर दोघे बसले तर किती पाने उभी राहतील!

जपानी जनतेला लिहिलेल्या त्या पत्रात गांधीजींनी सेवाग्राम आश्रमातल्या एका जपानी भिक्षूची आठवण काढली आहे. युद्ध जाहीर झाल्यावर सरकार त्याला घेऊन गेले. मागे उरली त्याची प्रार्थना आणि त्याचे छोटे ढोलके. आश्रमाची प्रार्थना त्यानेच सुरू होत असे. त्या भिक्षूचे एखादे पत्र, एखादा फोटो जिल्ह्यातल्या कोणाच्या ट्रंकेत पडून असेल, तर तो बाहेर काढा. त्याच्यावर कादंबरी लिहिण्याचा मोह मला फार होतो आहे. पण आधी त्याची नोंद व्हायला हवी, संदर्भासह.