माळवदावरचा चिमणराव

दोस्तांनो, २०२५ साली आलेला ‘दशावतार’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातल्या बाबुलीचं काम करणारे दिलीप प्रभावळकर आठवतात ना? ‘लगे रहो मुन्नाभाई’तले (२००६) गांधीजीही तेच बरं का. आईबाबांना विचारलंत तर ते म्हणतील, “अरे, हे तर आमचे टिपरे आजोबा!” आणि तुमचे आजी-आजोबा मुंबई-पुण्याचे असतील तर ते पटकन तिसरंच नाव घेतील : चिमणराव.

पण तुमचे आजी-आजोबा आमच्या मंठ्याचे असतील तर? तर ते बहुतेक गप्प बसतील. बिचाऱ्यांनी चिमणराव पाहिलेलाच नाही. मीही पाहिला नव्हता. तरी तो माझा सगळ्यात आवडता विनोदी कार्यक्रम! हे कसं काय, तेच आज सांगतो.

चिमणराव मुळात टीव्हीवरचा नव्हे, पुस्तकातला. चि. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे गाढे विद्वान, बडोद्याला प्राध्यापक. एवढा मोठा पंडित रोज पाली ग्रंथांत डोकं घालायचा आणि फावल्या वेळात चिमणराव नावाच्या भित्र्या, सरळमार्गी कारकुनाच्या फजितीच्या गोष्टी लिहायचा. चिमणरावाच्या जोडीला त्याचा धिप्पाड, तालीमबाज भाऊ गुंड्याभाऊ. एक काडीपैलवान, दुसरा खरा पैलवान. एक काम बिघडवणार, दुसरा ते निस्तरायला जाऊन आणखी बिघडवणार! १९४० साली या जोडीवर ‘लग्न पहावं करून’ हा सिनेमासुद्धा निघाला. त्यात चिमणराव झाले होते दामुअण्णा मालवणकर.

मग १९७०च्या दशकाच्या शेवटी शेवटी मुंबई दूरदर्शनने या गोष्टींची मालिका केली. चिमणराव झाले प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. दोघेही नोकरी सांभाळून नाटकात कामं करणारे. कर्वे तर मुंबई महापालिकेत होते. मालिका कृष्णधवल होती, कारण आपल्याकडे टीव्हीला रंग आला तो १९८२ साली. मुंबई-पुण्यात ती इतकी गाजली, की १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा सिनेमाही आला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आम्ही मंठ्यात काय करत होतो? विटीदांडू खेळत होतो! मुंबई दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र फार तर शे-सव्वाशे किलोमीटर पोचायचं. पुण्यासाठी सिंहगडावर वेगळं केंद्र उभारावं लागलं होतं. मग चारशे किलोमीटरहून लांब असलेल्या मंठ्याला ते कुठून दिसणार? तेव्हा मंठ्यात मी टीव्हीची पेटीसुद्धा पाहिली नव्हती.

पण आमच्याकडे दादा होता.

दादा म्हणजे माझा दादरचा आतेभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत तो आत्याबरोबर एसटीने यायचा. अंगावर धूळ, हातात आंब्यांची करंडी आणि पोटात चिमणराव! रात्री जेवणं उरकली की आम्ही सगळी पोरं माळवदावर जमायचो. (शहरातल्या दोस्तांसाठी सांगतो, माळवद म्हणजे मातीच्या घराचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात झोपायची त्याच्यासारखी जागा नाही.) दादा बाजेवर उभा राहायचा, पोटाला उशी बांधायचा, पंचा आवळायचा की झाला गुंड्याभाऊ. उशी काढली, खांदे पाडले, आवाज बारीक केला की चिमणराव. मधूनच तो चिमणरावाची बायको काऊ व्हायचा आणि मधूनच जाहिरातसुद्धा म्हणून दाखवायचा! आम्ही पोट धरधरून हसायचो. खालून आजोबा ओरडायचे, “झोपा रे आता, माळवद खाली येईल!” आणि आमच्यातलं कोणीतरी हळूच म्हणायचं, “मंग काय झालं? सांग की!”

अशा तीन सुट्ट्या गेल्या. लोणार आमच्यापासून जवळच, त्यामुळे ‘चिमणराव लोणारला जातात’ हा भाग आम्हाला विशेष प्रिय होता. त्यात चिमणरावांची वळकटी एसटीच्या टपावरून विवरात पडते आणि गुंड्याभाऊ ती काढायला उतरतो, ते पाठ दाखवून पळणाऱ्या माकडांसकट. हा भाग दादाने किमान दहा वेळा तरी केला असेल.

मग आमच्याकडेही टीव्ही आला. १९८४ साली काही महिने तर देशात जवळजवळ रोज एक छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. त्यानंतर कधीतरी मोंढ्यातल्या एका अडत्याच्या घरावर उंच बांबूला एरियल लागलं. चित्र कमी आणि मुंग्याच जास्त, पण आम्ही खूष. मला वाटलं, आता चिमणराव दिसणार! कसलं काय. एक तर मालिका कधीच संपली होती, आणि ही छोटी केंद्रं मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम दाखवायची. म्हणजे गंमत बघा, ‘ये जो है जिंदगी’त दर भागात नवं सोंग घेणारे सतीश शाह आम्हाला माहीत झाले, १९८८ साली ‘वागले की दुनिया’तला कारकून वागले घरचा झाला, पण त्याच्या किती तरी आधीचा आपला मराठी कारकून मात्र परकाच राहिला.

वागलेची काळजी नको. २०२१ साली त्याची नवी मालिका आली आणि जुने अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर त्यात आजी-आजोबा झाले. पण त्याच सुमाराची ‘मिस्टर योगी’ कोणाला आठवते? लग्नासाठी अमेरिकेहून आलेला एक गुजराती मुलगा बारा राशींच्या बारा मुली बघतो, एवढीच गोष्ट. नायक होते आपले मोहन गोखले. तोंडावर इतका निरागस गोंधळ मी दुसऱ्या कोणाच्या पाहिला नाही. १९९९ साली ते अकाली गेले. मिळाली तर जरूर बघा.

आता येऊ पुन्हा चिमणरावाकडे. मोठेपणी मी ठरवलं, की दादाच्या तोंडून ऐकलेले सगळे भाग एकदा खरेखुरे पाहायचे. तेव्हा कळलं, की त्यातले बरेचसे आता उरलेलेच नाहीत. त्या काळी चित्रफिती फार महाग असत. एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसायचा आणि त्याच फितीवर दुसरा घ्यायचा, अशी पद्धत होती. आपल्याच देशात नव्हे हं. इंग्लंडच्या बीबीसीनेही हेच केलं, म्हणून त्यांच्या ‘डॅड्स आर्मी’ या लाडक्या विनोदी मालिकेचे १९६९ सालचे तीन भाग आजही सापडत नाहीत. पाटीवरचं गणित पुसावं तसं लोकांचं हसू पुसलं गेलं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला तर याचा रागच येतो.

थोडंफार शिल्लक आहे, ते मात्र मोबाईलवर दिसतं. मध्यंतरी दादा मंठ्याला आला होता. आता माळवद नाही, स्लॅब आहे. तिथेच गच्चीवर आम्ही दोघं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. करड्या, पुसट चित्रात चिमणराव आले, गुंड्याभाऊ आला. प्रभावळकर किती कोवळे दिसत होते! मला हसू आलंच, पण जरा चुकल्यासारखंही वाटलं, कारण माझ्या गुंड्याभाऊला दादाचा आवाज होता. बाळ कर्वे २०२५ साली गेले. त्यांचा खरा आवाज मी इतक्या उशिरा ऐकला.

भाग संपल्यावर मी म्हटलं, “दादा, तो लोणारचा भाग वाचला असता तर फार बरं झालं असतं, नाही?”

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तो कसा वाचेल? तो टीव्हीवर लागलाच कुठे होता?” तो म्हणाला. “तुम्ही रोज नवीन मागायचात. माझ्याकडचे संपले होते.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे... अर्धेअधिक खरे असतील बघ,” दादा म्हणाला, आणि उशी पोटाशी घेऊन आडवा झाला.